डोमाजी मिस्त्रींचा हातमोजा

इतवारीत भांड्यांच्या गल्लीमागे एक जुनं गोदाम होतं. पूर्वी तिथे धान्याची पोती ठेवत. पुढे डोमाजी मिस्त्रींनी तिथे गॅरेज केलं, पण पाटी कधी लावली नाही. बाहेर हातठेले, टेम्पो, पितळेवर पडणारे हातोडे. आत पाऊल टाकलं की चिडीचूप. गाडी सुरू असताना आत कोणी बोलायचं नाही असा त्यांचा नियम होता. कोणी बोललंच तर ते इंजिन बंद करत, फडक्याला हात पुसत आणि म्हणत, "बोला, तुमचं होऊन जाऊ द्या पहिले. मंग तिले बोलू देऊ."

तिले म्हणजे गाडीला.

मी धरमपेठेत पॅथॉलॉजी लॅब चालवते. लोकांच्या शिरा शोधायच्या, रक्त काढायचं, जे दिसेल ते कागदावर लिहायचं, एवढं माझं काम. डोमाजींच्या गोदामात मी पहिल्यांदा गेले ती शिरीषमुळे. शिरीष म्हणजे माझा नवरा. तो कॉलेजात गणित शिकवायचा आणि गणितात न बसणारी एकच गोष्ट त्याने आयुष्यात केली. पुण्याहून कुणाकडची तरी तिसऱ्या हाताची, वीस-बावीस वर्षं जुनी, दोन दारांची, दोनच माणसं बसणारी लाल स्पोर्ट्स कार विकत घेतली. बेस्यातलं आमचं घर ते कॉलेज एवढाच तिचा प्रवास. दर दोन महिन्यांनी ती कशासाठी तरी अडायची आणि तिला हात लावायला अख्ख्या शहरात डोमाजींशिवाय कोणी तयार नव्हतं.

उंच, वाकलेला, कानांवर केस असलेला माणूस. खाकी सदरा, खिशात पेन्सिल आणि रबरी हातमोजे. आधी मला वाटलं, काम स्वच्छ करत असावेत. पण डोमाजी हातमोजा हातात कधीच घालत नसत.

"सारे सायलेन्सर पाहतात ताई," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "धूर काळा निघते का निळा निघते, ते पाहतात. पण इंजिन जसं खाते-पिते, तसं श्वासबी घेते. आत जो वाफारा साचते, तो बाहेर जायले एक नळी राहते. ब्रीदर म्हणतात. ती बुजली, की इंजिन आतल्या आत कोंडते. अन् कोंडलं, की जिथून जागा भेटली तिथून तेल फेकते."

मग त्यांनी बॉनेट उघडलं, तेल ओतायचं झाकण फिरवून काढलं आणि त्या तोंडावर हातमोजा ताणून बसवला. शिरीषला खुणेने गाडी सुरू करायला सांगितलं. इंजिन घरघरलं. हातमोजा आधी चुरगळलेला होता. मग मनगटापाशी फुगला, तळवा भरला, आणि एकेक बोट उठून उभं राहिलं. अंगठा सगळ्यात शेवटी. दोन मिनिटांत इंजिनातून एक पांढरा हात कोपरापर्यंत बाहेर आल्यासारखा दिसू लागला. तो थरथरत होता.

डोमाजींनी खुणेनेच हात मिळवायला सांगितलं.

शिरीषने हसत हात मिळवला. मला खुणावलं तेव्हा मी मानेनेच नाही म्हटलं. रोज लॅबमध्ये सत्तर-ऐंशी हात धरते, आणखी एकाची मला गरज नव्हती.

त्या गोदामाची मागची भिंत पाहण्यासारखी होती. खिळ्यांच्या पाच रांगा आणि प्रत्येक खिळ्याला गाडीतून काढलेला जुना ब्रीदर टांगलेला. कुठे काळी नळी, कुठे प्लास्टिकची चपटी डबी. प्रत्येकाला चिंधी बांधलेली आणि चिंधीवर पेन्सिलने नाव. गाडीचं नव्हे, माणसाचं. जो ती गाडी चालवायचा त्याचं. मी विचारलं, हे भंगारात का देत नाही? ते म्हणाले, "इतके वर्स त्याचा श्वास यातून गेला. फेकून कसा द्यायचा?"

मे महिन्यात दुपारी मागच्या झरोक्यातून गरम वारा आत शिरला, की त्या नळ्या वाजायच्या. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकलं की होतो तसा आवाज, पण पन्नास-साठ नळ्यांतून, प्रत्येकीचा सूर वेगळा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मागे वळून कोण आहे ते पाहिलं होतं. कोणी नव्हतं.

डोमाजींची बायको कौसाबाई मागच्याच खोलीत राहायची. बुटकी, गोल, तोंडाची फटकळ. चहा घेऊन आली की भिंतीकडे पाठ करूनच उभी राहायची. "माझं नशीब पाहा ताई. लोकांच्या घरी भिंतीले देव राहतात. आमच्या इथं मेलेल्या नळ्या. अन् ह्या माणसाले नळीचं नाव लक्षात राहते, बायकोनं सांगितलेलं मीठ राहत नाही."

"मीठ श्वास घेते का वं?" डोमाजी म्हणायचे.

त्यांच्या हातमोज्याची कीर्ती इतवारीत होती. एकदा एका धान्याच्या शेठजींची मोठी गाडी आली. हातमोजा चढवला, उभा राहिला. डोमाजींनी तो दोन बोटांनी दाबून पाहिला, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "शेठ, ही तुमच्या हाताची नाही. तुमच्या ड्रायव्हरच्याबी हाताची नाही. हात मऊ हाय." शेठजी चिडले. ड्रायव्हर वीस वर्षांचा पोरगा होता, तो खाली मान घालून उभा. महिन्याभराने कळलं की शेठाणी दुपारच्या वेळी त्या ड्रायव्हरला शेजारी बसवून कोराडी रोडवर गाडी शिकत होत्या. शेठजी दुकानात, जेवणाची वेळ, कोणाला पत्ता नाही. मी डोमाजींना म्हटलं, यात जादू कसली, गिअरवरून कळलं असेल, क्लच कसा घासलाय त्यावरून कळलं असेल. ते म्हणाले, "तेच तं सांगून राहिलो. कळते." खिळ्यावरच्या चिंधीवर त्यांनी शेठाणींचं नाव लिहिलं. ते वाचायला शेठाणी स्वतः येऊन गेल्या म्हणतात.

त्यांचा दुसरा नियम पहिल्याहून कडक होता. ब्रीदर खराब असेल तर बदलायचा. मिळत नसेल तर गाडी उभी ठेवायची. पण बुजवायचा नाही. आजूबाजूचे मिस्त्री सर्रास बुजवायचे. नळीत बोल्ट घालून वर पट्टी आवळली की खराब ब्रीदरची शिटी थांबते, गिऱ्हाईक खूश. डोमाजी अशा मिस्त्र्यांच्या हातचा चहा घेत नसत.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तो आमच्या गाडीसाठी.

शिरीषच्या भाचीचं लग्न वर्ध्याला होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी शिटी मारायला लागली. ब्रीदरच्या डबीत आत एक पातळ रबरी पडदा असतो, तो फाटला की असं होतं. ती बारीक, लांब, न थांबणारी शिटी घरात बसून ऐकू यायची. डबी भारतात मिळत नव्हती. मी म्हटलं, बसने जाऊ. शिरीषला वरातीपुढे लाल गाडी न्यायची होती. तो डोमाजींच्या मागे लागला. "आठ दिवसांचा प्रश्न आहे डोमाजी. डबी मागवतोच. तोवर बुजवा."

मी तिथेच होते.  डोमाजी कडुनिंबाची एक काडी घेऊन चाकूने तासत बसले. त्यांनी अंगठ्याएवढी खुंटी केली, नळी कापून तिच्यात ती ठोकली आणि वरून तार गुंडाळली. शिटी थांबली. नेहमी काम झालं की ते बॉनेटवर थाप मारत. त्या दिवशी मारली नाही.

आम्ही वर्ध्याला जाऊन आलो. डबी मागवायची राहून गेली. नवव्या दिवशी शिरीष सकाळी दाढी करता करता गेला. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली होती. वीस वर्षं सिगारेट, दहा वर्षं साखर, आणि सिगारेटचा वास लपवायला तोंडात सतत लवंग. रिपोर्ट मीच वाचला. मला त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं.

गाडीवर मी आवरण घातलं. दर महिन्याला एका रविवारी दहा मिनिटं सुरू करून ठेवायची, बॅटरी मरू नये म्हणून. खाली तेलाचे डाग पडायचे, त्यावर पुठ्ठा टाकायचा. डोमाजींची गाठ पुढे चार वर्षं पडली नाही. ते शिरीषच्या तेराव्यालाही आले नव्हते.

मग यंदा होळीनंतर एका सकाळी कौसाबाई त्यांना घेऊन माझ्या लॅबमध्ये आली. मी आधी ओळखलंच नाही. तो उंच माणूस निम्मा झाला होता. चार पायऱ्या चढून आला आणि बाकावर बसून मासळीसारखा तोंड उघडून राहिला. चाळीस वर्षं बंद गोदामात धूर घेतलेली फुप्फुसं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासण्यांचा कागद कौसाबाईने पुढे केला.

"काहून पैलेच नाही आणलं?" मी तिच्याच भाषेत विचारलं.

"ते म्हणतात माझी तपासणी मी करतो."

डोमाजींनी टेबलावरच्या डब्यातून माझा एक हातमोजा ओढला आणि तोंडाला लावून फुंकला. एका दमात. मनगट फुगलं, तळवा अर्धा भरला, तीन बोटं उठली. करंगळी आणि अंगठा पडूनच राहिले. हातमोज्याचं तोंड त्यांनी चिमटीत धरून ठेवलं आणि मला दाखवलं. "मागच्या दिवाळीले चार राहत होते. त्याच्या आंधीच्या दिवाळीले पाची." चिमूट सोडली. हातमोजा फुसकन बसला. गाठ ते मारत नसत, कारण कोंडलेली हवा त्यांना बघवत नसे.

"इंजिनचा हात खाली बसला पायजे," ते म्हणाले, "अन् माणसाचा उभा राहिला पायजे. माझं उलटं होऊन राहिलं."

मी रक्त काढलं. सुई टोचत असतानाच त्यांनी विचारलं, "साहेबांची गाडी हाय ना अजून?"

"आहे."

"खुंटी तशीच हाय?"

"तशीच."

त्यांनी डोळे मिटले. मग इतक्या हळू बोलले, की मला वाकून ऐकावं लागलं. "ताई, मी तिचा श्वास बंद केला अन् नवव्या दिवशी साहेबांची नस बंद झाली. डबी मागवा. माझ्याजवळ तीनच बोटं हायेत. ते संपायच्या आंधी मले ती खुंटी काढू द्या."

मी त्यांना समजावलं. ती नस वीस वर्षांत बुजत आली होती, खुंटीच्या कितीतरी आधीपासून. घरी फाइल आहे, दाखवते. ते म्हणाले, "रिपोर्ट कागदाचा हाय ताई. हात माझे होते." अशा माणसाशी वाद घालण्यात वेळ जातो. मी परदेशात असलेल्या भाच्याला फोन केला आणि डबीचा नंबर पाठवला.

डबी यायला मे उजाडला. तोवर कौसाबाईचे निरोप येत होते. आज तीन. आज अडीच, मधलं बोट वाकडं. आज दोन.

ज्या दिवशी गाडी नेली त्या दिवशी ऊन असं होतं, की भांड्यांच्या गल्लीतही माणूस नव्हतं. मी गाडी आत घेतली आणि डोमाजींना स्पष्ट सांगितलं, "तुम्ही खुर्चीवर बसा, काय करायचं ते सांगा. दुसऱ्या मिस्त्रीला बोलावते. तुम्ही हा धूर घ्यायचा नाही."

"खुंटी ज्यानं ठोकली त्यानंच काढायची."

"मग तोंडाला हे बांधा." मी लॅबमधला मास्क पुढे केला.

"बांधा हो," कौसाबाई आतून ओरडली. "बाई सांगून राहिली. मेल्यावर नळीवानी टांगू का तुमाले?"

त्यांनी मास्क बांधला. झाकण काढून हातमोजा चढवला. मी गाडी सुरू केली. मी इतक्या वर्षांत इतक्या वेगाने फुगलेला हातमोजा पाहिला नव्हता. पाची बोटं एकदम उठली आणि ताठ झाली. गोदामात इंजिनाशिवाय आवाज नव्हता. डोमाजी माझ्याकडे बघत होते. काही बोलले नाहीत, नियमच होता तसा. मला कळलं ते काय मागताहेत.

मी उतरले आणि हात मिळवला.

तो गरम होता. इंजिनातली हवा गरमच असते. मी पकडलं तशी आतली हवा बोटांकडे सरकली आणि माझ्या हातावर दाब आला. फुगा दाबला तर असंच होतं. एवढंच झालं. मी किती वेळ तसा धरून उभी होते ते मात्र मला सांगता येणार नाही, कारण इंजिन कौसाबाईने येऊन बंद केलं.

गाडी थंड व्हायला दोन तास ठेवली. ब्रीदर इंजिनाच्या मागच्या अंगाला, हात जेमतेम जाईल अशा जागी होता. डोमाजी काम करत, थांबत, बॉनेटच्या कडेला कपाळ टेकून श्वास गोळा करत, पुन्हा हात घालत. दर वेळी मी घड्याळाकडे बघत होते. शेवटी तार सुटली. त्यांनी पकडीने खुंटी धरली आणि ओढली.

खुंटी निघाली आणि नळीतून हवा सुटली. फुस्स करून संपली नाही. एखाद्याने बराच वेळ रोखून धरलेला श्वास सोडावा तशी सावकाश येत राहिली. मी वहीत लिहावं तसं मनात लिहिलं: इंजिन दोन तास बंद, थंड, त्यात दाब उरणं शक्य नाही. त्याच वेळी मागच्या भिंतीवरच्या नळ्या वाजायला लागल्या. झरोका उघडा असेल म्हणून मी पाहिलं. उन्हामुळे कौसाबाईने त्यावर गोणपाट लावलं होतं आणि ते हलत नव्हतं.

डोमाजींनी मास्क खाली ओढला होता. "लवंग," ते म्हणाले. "ताई, तुमाले येऊन राहिला का वास?"

मी नाही म्हणाले.

नवी डबी बसवायला अर्धा तास लागला. नळ्या जोडल्या, पट्ट्या आवळल्या. पुन्हा हातमोजा, पुन्हा इंजिन. या वेळी बोटं थोडी हलली, अर्धवट उठली आणि एकेक करत खाली गेली. तळवा बसला. हातमोजा झाकणाच्या तोंडावर लोळत राहिला, किंचित आत ओढला गेलेला, जसा असायला हवा तसा. डोमाजींनी बॉनेटच्या कडेवर थाप मारली.

मग खिशातली पेन्सिल काढून ते चिंधीवर नाव लिहायला बसले. मी पर्स आवरत होते. जुनी डबी, त्यात अडकवलेली ती खुंटी, वर चिंधी, असं सगळं त्यांनी खिळ्याला टांगलं तेव्हा मी जवळ जाऊन पाहिलं. मला वाटलं होतं शिरीषचं नाव असेल. चिंधीवर लिहिलं होतं, डोमाजी.

"चालवणाऱ्याचं नाव लिहिता ना तुम्ही?"

"ज्याच्या हातचा श्वास त्याचं नाव. चार वर्स ही माझ्या हातानं अडून होती." मग ते म्हणाले, "आता नऊ दिवस पाहायचे. काय होते ते होते."

"काही होत नाही," मी म्हटलं. "नऊ दिवसांनी मी फोन करते."

निघण्याआधी त्यांनी दुसरा हातमोजा घेऊन फुंकला. जेमतेम दोन बोटं उठली. चिमटीत धरून मला दाखवत म्हणाले, "दोन. बम झाले." बम म्हणजे पुष्कळ.

नवव्या दिवशी मी फोन केला नाही, लॅबमध्ये गर्दी होती. दहाव्या दिवशी सकाळी सातला त्यांचाच आला. आवाज फाटका, पण त्यात होळीपासून न ऐकलेलं काहीतरी होतं. "ताई, दहावा दिवस लागला."

"मी सांगितलं होतं."

"सांगतलं होतं गा तुमी," ते म्हणाले, आणि बाईमाणसाला गा म्हटल्याबद्दल मागून कौसाबाईने त्यांना झापलेलं मला ऐकू आलं. त्यानंतर ते सहा आठवडे जगले. झोपेतच गेले. गाडीखाली आता तेल पडत नाही, पुठ्ठा मी फेकून दिला.

पण माझ्या डोळ्यांपुढे येतात ते त्या दुपारी गोदामातून निघतानाचे डोमाजी. मी गाडी मागे घेऊन गल्लीत वळवली. पुढे एक हातठेला आडवा आला. उतरंड बांधलेले पितळी हंडे होते, ठेलेवाला ते सावरत होता, म्हणून मला दोन-तीन मिनिटं थांबावं लागलं. आरशात दारातले डोमाजी पूर्ण दिसत होते. निरोप द्यायला दोन्ही हात जोडून उभे होते. कौसाबाई कपबशा घेऊन आत गेली होती. आणि डोमाजींच्या उजव्या खांद्याशी, कानाच्या उंचीवर, मघाशी त्यांनी फुंकलेला तो हातमोजा होता. फुगलेला. मी बोटं मोजली, मोजायची मला सवय आहे. पाची उभी होती.

दाराला खिळा असेल, असं मला वाटलं. ते गेल्यावर कौसाबाईला भेटायला गेले तेव्हा मी चौकट नीट तपासली. लोखंडी शटर आणि गुळगुळीत सिमेंट. अडकवायला काही नाही. आणि अडकवून तरी काय उपयोग, गाठ ते मारत नसत. चिमूट सुटली की हातमोजा बसतो. डोमाजींचे दोन्ही हात जोडलेले होते.